कोरड्या पायांचा मुकादम

दुसऱ्याचा घामट मोजा स्वतःच्या गालाला लावून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. युसूफचाचा. वरूडकडच्या संत्रा तोडणाऱ्या एका टोळीचे ते मुकादम, आणि मी त्या टोळीला काम देणारा लहानसा व्यापारी. बागा घ्यायच्या, फळ उतरवायचं, कॅरेटात भरून ट्रक रवाना करायचा, एवढाच माझा धंदा. नावाला मालक मी होतो, पण बागेत पाय ठेवला की खरा मालक कोण याबद्दल कोणाला शंका राहत नसे. चाचांना जाऊन आता दोन हिवाळे झाले. अजूनही थंडीत सकाळी मोजा चढवताना माझा हात एकदा गालाकडे जातो.

वऱ्हाड म्हटलं की बाहेरच्या माणसाला आमचा उन्हाळाच आठवतो. अमरावतीत मे महिना काढून गेलेले पाहुणे तर आम्हाला थंडी ठाऊकच नाही असं धरून चालतात. त्यांना एकदा आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यात उतरणाऱ्या संत्र्याच्या, तोडणीला सातपुड्याच्या पायथ्याच्या बागेत आणून उभं करावं. गुडघाभर गवत, त्यावर रात्रभर पडलेलं दहिवर, आणि डोंगरावरून उतरणारा वारा. टोळी ट्रॉलीतून यायची ती कुडकुडतच. शिवाय आल्या आल्या तोडणी सुरू होत नाही. ओल्या फळाला हात लागला की बोटांच्या जागी डाग पडतो आणि दिल्लीला पोचेपर्यंत फळ सडतं. म्हणून ऊन वर येऊन दव सुकेपर्यंत शिड्या लावायच्या, कॅरेट वाहायची, फळांखाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरायचं आणि मग थांबायचं.

हे थांबणंच घातक, असं चाचांचं म्हणणं. गवतात साप-काटे असतात म्हणून सगळ्यांच्या पायात रबरी गमबूट. कॅरेट वाहताना त्या बुटांत पायांना घाम फुटायचा, आणि बसल्यावर तोच घाम बर्फासारखा गार व्हायचा.

"रबरी बूट कसा राह्यते," चाचा म्हणायचे, "बाहेरचं दहिवर आत येऊ देत नाई, आन् आतलं बाहेर जाऊ देत नाई. आंगठा कापते ते गवताच्या पान्यानं नाई कापत. आपल्याच पान्यानं कापते."

म्हणून शिड्या लागल्या की मोज्यांची तपासणी. सगळ्यांनी तणसावर बसून बूट काढायचे, मोजे काढायचे, आणि चाचा रांगेतून फिरायचे. उंच, ताठ, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात पांढराशुभ्र मफलर. त्या मफलरचा त्यांना फार अभिमान होता आणि एकूणच स्वतःबद्दल त्यांचं मत बरं होतं. ते एकेक मोजा उचलायचे आणि शांतपणे गालाला लावायचे. बोट का नाही, हे मी पहिल्याच हंगामात विचारलं होतं.

"बोटं थंडे झाले का झूठ बोलते बाबू. त्याइले गार आन् ओलं यातला फरक समजत नाई. गाल झूठ बोलत नाई."

मोजा ओला निघाला की त्या माणसाची खैर नसे. दुसरा कोरडा जोड झोळीत नसेल तर शिडीला हात लावायची बंदी. काढलेला ओला मोजा सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवायचा, म्हणजे दुपारपर्यंत अंगाच्या उबेनं सुकतो. बुटात मूठभर तणस कोंबून तो उलटा ठेवायचा. पायाची बोटं फडक्यानं एकेक करून पुसायची, बोटांच्या मधली जागा विसरायची नाही. हे सगळं ते तार आवाजात सांगत, आणि रोज सांगत. फळं निवडणाऱ्या बायकांत एक इंदूबाई होती, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "चाचा, एवढे पाय तं माह्या मायनं बी नाई पुसले माहे." चाचा म्हणायचे, "म्हून तं भेगा पडल्या." आणि पुढच्या मोज्याकडे वळायचे.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या स्वतःच्या पायांत होतं. चाचांच्या तळपायांना जन्मापासून विलक्षण घाम. भर थंडीत पायतण काढलं तरी फरशीवर ओली पावलं उमटायची. मशिदीत जाताना त्यांना लाज वाटायची, म्हणून ते अगदी कडेनं चालायचे. ही पावलांची गोष्ट मला जुबेदाचाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा देता देता सांगितली होती. लग्नाच्या दिवशी नवरदेव सासरी आला, मोजड्या काढल्या, आणि दारापासून गादीपर्यंत ओली पावलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "माही आत्या बोलली, जावई पान्यातून आला काय. मी म्हनलं, बरं हाय, हरवला तं सापडन तरी." चाची हे सांगताना अजूनही हसत होत्या आणि चाचा भिंतीकडे बघत बिडी ओढत होते.

तर त्या घामाशी या माणसाचं आयुष्यभराचं वैर. त्यासाठी त्यांनी काय काय करून पाहिलं होतं देव जाणे. तुरटीच्या पाण्यात पाय बुडवून झाले, बाभळीच्या सालीचा काढा झाला. शेवटी त्यांची श्रद्धा बसली ती लोकरीवर. मेंढ्यावाल्यांकडून जुनी, झिजलेली घोंगडी घ्यायची आणि तिचे पायाच्या मापाचे तुकडे कापून बुटाच्या तळाशी घालायचे. टोळीतल्या प्रत्येकाच्या बुटात चाचांनी कापलेली घोंगडी असे. रोज संध्याकाळी ती काढून वाळत टाकायची. कुंपणावर लटकलेले ते काळे तळवे पाहून वाटसरूंना ही करणीबाधा वाटायची.

मोजे मात्र अमरावतीचे. हिवाळा लागला की तिथे तिबेटी लोक स्वेटरची दुकानं थाटतात. त्यातल्या एका बाईकडून चाचा दरवर्षी टोळीसाठी मोजे घ्यायचे आणि दरवर्षी तिचा छळ करायचे. एकदा मी सोबत होतो. चाचांनी मोज्यातला एक धागा ओढला, काडी ओढून पेटवला आणि नाकाशी नेला.

"ये देखो. गोली बन गयी. प्लास्टिक है," ते तिला म्हणाले.

"चाचा, वो दूसरा वाला है. आपका इधर है," ती बाई थंडपणे म्हणाली आणि गल्ल्यामागून वेगळा गठ्ठा काढला. त्यातला धागा पेटवला तर त्याची राख झाली आणि केस जळाल्यासारखा उग्र वास सुटला. चाचांनी डोळे मिटून तो एखाद्यानं अत्तर हुंगावं तसा ओढून घेतला. मलाही हुंगायला लावलं. "याद ठेव बाबू, हा असली ऊनचा, लोकरीचा वास. कुठीबी आला तं वयखू आला पायजे." तो वास मी ओळखायला शिकलो. शिकलो नसतो तर बरं झालं असतं, असं पुढं एकदा वाटलं.

सुती मोज्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. आता आमचा मुलूख कापसाचा. इथे कापसाला नाव ठेवणं म्हणजे घरच्या देवाला नाव ठेवणं. धामणगावकडचे एक बागमालक होते, बागेसोबत त्यांची कापसाची मोठी वहिती. त्यांनी चाचांचं हे प्रवचन ऐकलं आणि ते तापलेच. "काहो मुकादम, आमच्या कापसानं तुमचं काय घोडं मारलं?"

चाचा उठून उभे राहिले. "मालक, कापूस उनायात माय हाय. हिवायात सासू हाय. घाम सारा पोटात ठेवते आन् दिवसभर त्याच्यावरून आपल्यालेच थंड पाडते." इंदूबाई इतकी हसली की हातातलं फळ पडलं. मालकही हसले. दुसऱ्या दिवशी ते लोकरीचे मोजे घालून आले, आणि चाचांनी त्यांचाही मोजा गालाला लावला.

त्यांचं एक निरीक्षण मला फार आवडायचं. शिडीवर चढणाऱ्या माणसाकडे खालून बघून ते सांगत की याचे पाय सुन्न झालेत. एकदा गजानन नावाचा तोडणारा, घरी लेकरंबाळं असलेला चांगला बाप्या, त्यांनी अर्ध्या शिडीवरून खाली बोलावला. गजानन कुरकुरत उतरला. बूट काढले तर पाय पांढरेफटक, भिजून सुरकुतलेले.

"तुमाले खालून कसं समजलं?" त्यानं विचारलं.

"तू पायरी पाहून चढत होता. पाय जिंदा असले का त्याइले पायरी आपोआप समजते, डोये फयावर राह्यते. ज्याले पायाकडं पाहा लागते, त्याचे पाय गेले समज."

हे वाक्य त्यांनी किती सहज उच्चारलं होतं.

चाचांना साखरेचा आजार होता, हे टोळीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी ते फार मनावर घेत नव्हतं. चाचा तर नाहीच. गोळ्या आठवल्या की घ्यायच्या. "थोडीशी हाय," असं ते साखरेबद्दल सांगत, जशी काही ती चहातलीच असावी. लोकांच्या बोटांच्या बेचक्यात फडकं फिरवणारा हा माणूस स्वतःचा पाय कधी कोणाला दाखवत नसे. लहानपणापासूनची लाज होती ती. आपले मोजे ते आडोशाला जाऊन बदलायचे.

आणि मग एका हिवाळ्यात अजब झालं. तपासणी चालू असताना चाचा आडोशातून आले ते हातात स्वतःचाच मोजा घेऊन. चेहऱ्यावर असा उजेड मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो मोजा सगळ्यांसमोर गालाला लावला, मग इंदूबाईच्या पुढे धरला.

"पाह्य. कोरडा. कालबी कोरडा होता. आठ दिस झाले, पाह्यून राह्यलो मी."

इंदूबाईनं नाक मुरडत बोट लावलं. मोजा खरंच खडखडीत होता.

त्या दिवशी चाचांनी पेढे आणवले. टोळीला दिले, मला दिले, ट्रकच्या ड्रायव्हरला दिले. स्वतःही एक खाल्ला. सारं श्रेय त्यांनी घोंगडीला आणि लोकरीला दिलं, उरलेलं स्वतःला घेतलं. साठीला टेकलेला माणूस, आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी कडेनं चालत आला, ती संपली म्हणून पोरासारखा खूश होता. "आता मशिदीत मधून चालतो," ते मला म्हणाले. मीही त्यांना शाबासकी दिली. आम्हाला सगळ्यांनाच आनंद झाला होता. त्यात खोट काय असणार?

एकट्या जुबेदाचाचींना तो आवडला नाही. मी घरी गेलो तेव्हा त्या फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, "हे घरात येते तं आता समजत नाई. पाऊलच दिसत नाई. मले बरं वाटून नाई राह्यलं बाप्पा." चाचा आतून ओरडले, "चाळीस वर्सं पुसलं, आता आराम कर म्हना तिले."  चाची फडकं पिळून अंगणात गेल्या.

आज मागे वळून पाहिलं की खुणा दिसतात. त्या हिवाळ्यात चाचा ट्रॉलीत चढताना खाली बघायचे. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून चालताना नजर पायांकडे असायची. तोच नियम त्यांनी आम्हाला शिकवला होता, पण तो मुकादमालाच लावून पाहावा असं टोळीत कोणाच्या मनात आलं नाही. गुरूची परीक्षा कोण घेतं?

त्या दिवशी थंडी कडक होती. दव काही केल्या सुकत नव्हतं, म्हणून छाटलेल्या फांद्यांची शेकोटी पेटवली होती. शेकोटीचाही चाचांचा नियम होता. पाय विस्तवाकडे करायचे नाहीत, हात शेकायचे आणि ते हात पायांना लावायचे. पण त्या दिवशी ते माझ्याशी ट्रकच्या भाड्याबद्दल बोलत होते आणि बूट काढून, पाय पसरून बसले होते. बोलता बोलता थांबले. नाक वर केलं.

"कोनाचा मोजा जयून राह्यला?"

मलाही वास आला. केस जळाल्यासारखा.

"असली ऊन हाय," चाचा म्हणाले. आवाजात कौतुकच होतं. "गजू, तुहा हाय काय? इंदू, पाह्य जरा."

सगळे आपापले पाय बघायला लागले. चाचा वळून वळून एकेकाकडे बघत होते. आणि इंदूबाईनं तोंडावर हात ठेवला. चाचांच्या उजव्या पायाचा मोजा अंगठ्यापाशी लाल होऊन आक्रसत होता, धूर निघत होता, आणि पाय तिथेच, विस्तवाच्या कडेला, अगदी निवांत पडला होता.

गजाननानं झडप घालून तो पाय मागे ओढला. चाचांनी खाली पाहिलं. ते ओरडले नाहीत. त्यांना दुखतच नव्हतं. जळलेल्या मोज्यातून दिसणाऱ्या आपल्या अंगठ्याकडे ते असे बघत राहिले की जणू तो बागेत सापडलेला कोणा दुसऱ्याचा पाय आहे.  

पुढचं सांगायला फारसं काही नाही आणि सांगवतही नाही. अमरावतीच्या दवाखान्यात आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल, आणि अखेर गुडघ्याखालून पाय. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी चाचांना आणि मला नीट समजावलं. साखरेनं पायातल्या नसा मरत जातात, चटका कळवणारी नस मरते तशी घाम आणणारीही मरते. कोरडेपणा हा बरं झाल्याचा नव्हे, नसा जात असल्याचा निरोप होता.

डॉक्टर गेल्यावर चाचा पंख्याकडे बघत पडून होते. मग म्हणाले, "म्हंजे ते कोरडे झाले नोयते बाबू. मेले होते." थोड्या वेळानं म्हणाले, "आन् मी मय्यतीचे पेढे वाटले."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी चाचींकडे पाहिलं. चाची पलंगाच्या पायथ्याशी बसून उरलेल्या पावलावरून हात फिरवत होत्या, तळव्यावर, बोटांच्या मधे, पुन्हा पुन्हा. कुठं ओल लागते का ते शोधत असाव्यात.

जखम भरेपर्यंत ते अकोल्याला मुलीकडे राहिले. तिथून रोज सकाळी गजाननाच्या फोनवर त्यांचा फोन यायचा. तणस आलं काय, घोंगड्या वाळवल्या काय, कोण सुती मोजे घालून आलं. गजानन फोन रांगेतून फिरवायचा आणि जो तो खोटं सांगायचा. चाचांना ते फोनवरूनही कळायचं.

पुढच्या हंगामात ते परत आले, हट्टानं. मुलीनं नको म्हटलं, मी नको म्हटलं. ट्रॉलीतून त्यांना उतरवून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मफलर तसाच पांढरा होता, दाढीची मेंदी उतरली होती. आता ते रांगेतून फिरू शकत नव्हते, म्हणून रांग त्यांच्यापुढून जायची. प्रत्येकजण आपला मोजा हातात घेऊन यायचा आणि ते तो गालाला लावायचे.

फक्त बोलणं बदललं होतं. पूर्वी ओल्या मोज्याला शिव्या होत्या. आता ओला मोजा गालाला लागला की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. "ओला हाय. शुक्र हाय. जा, बदल." आणि कोणाचा कोरडा निघाला की ते त्याला थांबवायचे, समोर बसवायचे, पायाच्या तळव्याला गवताची काडी लावून विचारायचे, "समजून राह्यलं काय?" तो माणूस गुदगुल्यांनी पाय ओढून घेईपर्यंत ते त्याला सोडत नसत. 

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच हंगामाच्या अखेरीस. थंडी परतून आली होती. टोळी शिड्या लावत होती, शेकोटी नुकतीच पेटली होती आणि चाचांची खुर्ची आम्ही मुद्दाम उबेला ठेवली होती. सगळ्यांचे मोजे झाले. मग त्यांनी वाकून, कष्टानं, आपल्या उरलेल्या पायाचा बूट काढला, मोजा काढला आणि तो माझ्यापुढे धरला.

"तू पाह्य."

मी बोट लावू लागलो.

"बोट नाई बाबू. गाल."

इतक्या वर्षांत त्यांनी आमचे शेकडो मोजे गालाला लावले, त्यांचा कोणी लावला नव्हता. मी लावला. त्याला लोकरीचा आणि थोडा तणसाचा वास येत होता. मी गाल बदलून पुन्हा पाहिलं. खोटं बोलावं असं फार मनात आलं, पण त्या माणसासमोर ते जमणार नव्हतं.

"कोरडा हाय, चाचा."

त्यांनी मान हलवली. मोजा माझ्याकडून घेऊन नीट पायात चढवला, बूट चढवला. तणसावर टोळी हात शेकत बसली होती, तिकडे एकवार पाहिलं.

"मंग माही खुर्ची इस्तवापासून मांगं घे," ते म्हणाले. "अजून थोडी. हां."

मी खुर्ची मागे घेतली. तिथे वारा लागत होता. चाचांनी मफलर गळ्याभोवती आवळला आणि गजानन शिडी चढत होता तिकडे, त्याच्या पायांकडे, बघत बसले.